चंद्र, झाडपाला आणि आजचं विचक्राफ्ट: हे नेमकं असतं काय

माझी भाची ब्रिस्टलला शिकायला आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, मावशी आमच्या घरातली एक मुलगी पौर्णिमेला काचेची बरणी पाण्याने भरून रात्रभर खिडकीत ठेवते, दारावर कसल्यातरी वाळलेल्या पाल्याची जुडी टांगलीय आणि सरळ सांगते की मी विच आहे, तर हे नेमकं काय असतं आणि मी घाबरायचं का? घाबरायचं काही कारण नाही हे मी तिला तिथेच सांगितलं पण बाकीचं फोनवर सांगून संपण्यासारखं नव्हतं. मी २५ वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवलीय, वनस्पती आणि वनस्पतींबद्दलच्या माणसांच्या समजुती हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय, म्हणून सविस्तर लिहितेय, तिच्यासाठी आणि मून वॉटरची, म्हणजे असं चांदण्यात ठेवलेल्या पाण्याची, रील्स बघून गोंधळलेल्या सगळ्यांसाठीच.

आधी त्या शब्दाचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे चेटकीण म्हटलं की गावाने एखाद्या बाईवर घेतलेला आळ आठवतो, मग मारहाण, वाळीत टाकणं, आणि याच गोष्टी थांबाव्यात म्हणून २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी. युरोपातही हेच झालंय, साधारण १४५० ते १७५० या काळात ४० ते ६० हजार माणसं चेटूक केलं या आरोपावरून मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे, त्यातल्या बहुतेक बायका, आणि त्या कुठला गुप्त जुना धर्म पाळत नव्हत्या, शेजाऱ्यांसारख्याच साध्या ख्रिश्चन होत्या. आज ब्रिस्टलमधली मुलगी स्वतःला विच म्हणते तेव्हा ती दुसऱ्या कुणावर आळ घेत नाही, स्वतःच्या धर्माचं नाव सांगते. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत साधारण ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात पेगन लिहिलं आणि १३ हजारांनी विक्का. पेगन म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपातल्या देवदेवता आणि निसर्ग मानणारे आजचे लोक, आणि विक्का हा त्यातलाच एक पंथ, ज्यात जादू आणि विधी दोन्ही आहेत.

हा पंथ किती जुना? ऑनलाइन वाचाल तर हजारो वर्षं, आजीकडून नातीकडे वगैरे. खरं तर विक्का आपल्या आजीआजोबांच्या वयाचा आहे. जेराल्ड गार्डनर नावाचा एक इंग्रज होता, मलायात कस्टम्सच्या नोकरीत आयुष्य काढलेला, १९३६ साली रिटायर होऊन इंग्लंडला परतला. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागात आपल्याला एका जुन्या गटाने दीक्षा दिली असं तो सांगायचा. १७३५ चा विचक्राफ्ट कायदा १९५१ साली रद्द झाला, आणि मग १९५४ मध्ये त्याने उघडपणे पुस्तक लिहून हा पंथ जगासमोर आणला. पण त्यातली भाषा जिने सुंदर केली ती डोरीन व्हॅलिएंटी, १९५३ मध्ये दीक्षा घेतलेली, आज विधींमध्ये देवीच्या तोंडचं म्हणून जे गद्य म्हणतात ते बहुतांशी तिच्या हातचं. माझ्या मते तिचं नाव गार्डनरच्या बरोबरीने घ्यायला हवं आणि तसं फार कमी वेळा होतं.

मग सगळं नवंच का? तसंही नाही. गोधडी डोळ्यासमोर आणा. शिवण कालची पण तुकडे कुणाच्या नऊवारीचे, कुणाच्या धोतराचे. विक्कामधलं चंद्राचं आणि वनस्पतींचं ज्ञान अगदी तसं आहे, आणि कुठला तुकडा कुठून आला हे कळलं की सगळं प्रकरण एकदम सोपं होतं.

चंद्रापासून सुरुवात करू. विक्काचे वर्षातले आठ मोठे सण सूर्याच्या चालीवर असतात, त्याशिवाय दर पौर्णिमेला जमायचं त्याला एस्बॅट म्हणतात, वर्षातून १२ किंवा १३ वेळा. एस्बॅट हा शब्द मार्गारेट मरे या अभ्यासक बाईने १९२१ च्या पुस्तकातून रूढ केला. युरोपातला मूळ जुना धर्म चोरून टिकून राहिला हा तिचा सिद्धांत पुढे इतिहासकारांनी खोडून काढला पण शब्द राहिला. पौर्णिमेला जमायची कल्पना त्याहून थोडी आधीची, चार्ल्स लेलँड या अमेरिकन लेखकाने १८९९ साली इटलीतल्या एका बाईकडून मिळालं म्हणून जे साहित्य छापलं त्यात महिन्यातून एकदा पौर्णिमेच्या रात्री जमा अशी देवीची आज्ञा आहे, व्हॅलिएंटीने ती उचलून नव्या भाषेत घडवली.

यातला मुख्य विधी म्हणजे चंद्र उतरवणं. पुजारीण हात पसरून उभी राहते, समोरचा देवीला आवाहन करतो, आणि त्यानंतर ती जे बोलते ते देवीचं बोलणं समजतात. अंगात येणं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल, फक्त इथे सगळं शांत आणि ठरलेल्या शब्दांत असतं. हे नाव मात्र खरोखर प्राचीन आहे बरं का. ग्रीसमधल्या थेसली प्रांतातल्या चेटकिणी चंद्र आकाशातून खाली ओढतात अशी ख्याती होती. ॲरिस्टोफेनिसच्या इसवी सनपूर्व ४२३ मधल्या नाटकात कर्जाने बेजार झालेला एक म्हातारा म्हणतो की थेसलीची एक चेटकीण विकत घेतो, रात्री चंद्र खाली ओढून पेटीत बंद करतो, कारण व्याज चांद्रमहिन्याच्या हिशोबाने द्यायचं असतं, चंद्रच उगवला नाही तर महिना कसा संपणार! अडीच हजार वर्षांपूर्वीचा कर्जदार आहे हा, पण आजही ओळखीचा वाटतो मला.

आता चंद्राच्या कलांचं. याचं सूत्र एका ओळीत येतं, चंद्र वाढत असताना जे वाढवायचंय ते करा आणि उतरत असताना जे घालवायचंय ते. म्हणजे शुक्ल पक्षात नोकरी, प्रेम, नवं काम, तब्येत सुधारणं, पौर्णिमेला पूर्ण झालेल्या गोष्टीबद्दल आभार आणि भविष्य बघणं, कृष्ण पक्षात व्यसन सोडणं, भांडण संपवणं, घर साफ करणं. इंग्लंडच्या खेड्यांत चामखीळ घालवायचे तोडगे असेच उतरत्या चंद्राला करायचे, चंद्र झिजतो तशी चामखीळ झिजेल म्हणून (चामखीळ व्हायरसमुळे होते आणि बरेचदा आपोआपच जाते, त्यामुळे चंद्राला श्रेय मिळत राहिलं). अमावस्येच्या काळोख्या रात्री बरेच जण काहीच करत नाहीत किंवा हेकाटीची आठवण करतात. ही ग्रीकांची तिठ्यावरची देवी, अथेन्समध्ये चांद्रमहिन्याच्या शेवटी तिच्यासाठी तिठ्यावर जेवण ठेवून यायचे आणि मागे वळून बघायचं नाही. अमावस्येला तिकाटण्यावर उतारा ठेवलेला ज्यांनी पाहिलाय त्यांच्या अंगावर हे वाचून काटा येईल, मला तर आला होता.

चंद्रदेवीचं कुमारी, माता आणि वृद्धा असं जे त्रिरूप सगळ्या पोस्टर्सवर दिसतं, चंद्रकोर पूर्णचंद्र चंद्रकोर असं चिन्ह, ते मात्र या ठरलेल्या स्वरूपात रॉबर्ट ग्रेव्हज या कवीच्या १९४८ च्या पुस्तकामुळे पसरलं. तीन तीन देवी जुन्या काळीही होत्या पण कलांशी अशी वयाची सांगड घालणं हा तुकडा आधुनिक आहे.

आणि ब्लू मून! एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरी ती ब्लू मून हा अर्थ मुळात एका चुकीतून आलाय, १९४६ साली अमेरिकेतल्या एका खगोल मासिकात लेखकाने मेन राज्यातल्या शेतकरी पंचांगाचा नियम चुकीचा समजून घेतला, मूळ नियम असा होता की एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर तिसरी ती ब्लू मून. आपल्याला हे समजायला अगदी सोपं आहे कारण १२ चांद्रमहिने ३५४ दिवसांचे, सौरवर्षाला ११ दिवस कमी, ती तूट साचून एक पौर्णिमा जास्तीची येते आणि याच हिशोबाने आपल्याकडे अधिक मास येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता तेव्हा ऑगस्टच्या सुरुवातीला एक आणि अखेरीला एक अशा दोन पौर्णिमा आल्या होत्या, आठवत असेल.

आता माझा खरा आवडता भाग, वनस्पती.

दुकानात मिळणारं कुठलंही जादुई वनस्पतींचं पुस्तक उघडा, प्रत्येक झाडापुढे ग्रह, तत्त्व, देवता आणि काम असं लिहिलेलं असतं. रोझमेरी सूर्याची, स्मरण आणि संरक्षणासाठी. गुलाब शुक्राचा, प्रेमासाठी. चंद्राकडे विलो, काकडी, लेट्यूस, मोगऱ्याच्या जातीची फुलं, चंदन, कापूर. ही यादी आज ज्या रूपात सगळीकडे फिरते ती बरीचशी स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकामुळे, १९८५ मध्ये त्याने जादुई वनस्पतींचा कोश काढला, आणि तो म्हणायचा की दीक्षा किंवा गट नसला तरी एकट्याने घरी करता येतं. भाचीची ती मैत्रीण एकटीच खिडकीत बरणी ठेवते त्यामागे हा माणूस आहे. १९९३ मध्ये अवघ्या ३६ व्या वर्षी गेला.

पण झाडांना ग्रह वाटून देणं त्याने शोधलं नाही. मागे गेलं की लंडनचा निकोलस कल्पेपर भेटतो, १६१६ ते १६५४. या माणसाबद्दल मला फार प्रेम आहे. गरिबांच्या स्पिटलफील्ड्स वस्तीत औषधं द्यायचा, आणि डॉक्टर मंडळींनी लॅटिनमध्ये कुलूप लावून ठेवलेला औषधांचा ग्रंथ त्याने १६४९ साली सरळ इंग्रजीत आणला, डॉक्टर भडकले. संस्कृतातलं मराठीत आणल्यावर आपल्याकडे कोण कोण चिडलं ते आपल्याला माहितीच आहे. १६५२ मध्ये त्याने इंग्लंडातल्या झाडपाल्यावर पुस्तक लिहिलं आणि प्रत्येक वनस्पतीला एक ग्रह दिला. त्याच्या दृष्टीने ही जादू नव्हती, वैद्यकच होतं, आजार एका ग्रहाचा असेल तर औषध त्याच्या विरोधी ग्रहाचं किंवा त्याच ग्रहाचं. काकडी, लेट्यूस, विलो चंद्राचे, का? कारण पाणीदार, थंड, ओलसर जागेत वाढणारे, झोप आणणारे. रंग, वास, जागा, चव यावरून वनस्पतीचा स्वभाव ओळखायचा ही त्यामागची पद्धत. काप पाडलेला अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, ही समजूत त्याच घरातली.

हे सगळं चूक म्हणून सोडून द्यावं असं वाटत असेल तर विलोचीच गोष्ट ऐका. १७६३ साली एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं की विलोची साल हिवतापासारख्या तापावर चालते, मी लोकांना देऊन पाहिलीय. त्याला सुचलं कसं, तर ताप दमट जागी येतो, विलो दमट जागी वाढतो, म्हणजे रोग तिथेच उपाय. तर्क लंगडा होता, निरीक्षण बरोबर होतं, सालीत सॅलिसिन असतं आणि त्याच रसायनांच्या घराण्यातून पुढे ॲस्पिरिन आली. मी वर्गात हे दरवर्षी सांगायचे, एवढ्यासाठीच की झाडाकडे नीट बघणारा माणूस कधीकधी चुकीच्या रस्त्यानेही घरी पोचतो, पण म्हणून रस्ता बरोबर ठरत नाही आणि प्रत्येक वेळी तपासावंच लागतं.

कापराचं तर अजून गंमतशीर. इंग्रजी यादीत कापूर चंद्राचा, पांढरा, थंड, उडून जाणारा. आणि आपल्या अमरकोशात कापराच्या नावांमध्ये चंद्रसंज्ञ हे नाव आहे, म्हणजे चंद्राची जी नावं ती कापराचीही. गीतेच्या १५ व्या अध्यायात तर भगवंत म्हणतात की मी रसरूप सोम होऊन सगळ्या औषधींचं पोषण करतो. याचा अर्थ विक्काने आपल्याकडून घेतलं असा कृपया काढू नका, पांढऱ्या थंड वस्तूकडे बघून दोन ठिकाणच्या माणसांना चंद्रच आठवला एवढंच मला यातून दिसतं आणि तेवढंही मला फार मोलाचं वाटतं.

भाचीला मी सांगितलं की दारावरच्या जुडीचा फोटो पाठव. पानं वरून गडद हिरवी, खालून चंदेरी पांढरी, बघताक्षणी ओळखलं, मगवर्ट. इंग्लंडात रस्त्याच्या कडेला तणासारखं वाढतं. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया व्हल्गारिस, आर्टेमिस ही ग्रीकांची शिकारीची देवी जिला पुढे चंद्राशी जोडलं गेलं, त्यामुळे आजच्या विचेसमध्ये मगवर्ट म्हणजे चंद्राची लाडकी, जरी कल्पेपरने ती शुक्राला दिली होती. उशीत भरून झोपलं की स्वप्नं स्पष्ट पडतात म्हणतात, पौर्णिमेला तिची धुरी देतात, तिच्या पाण्याने आरसे आणि स्फटिक पुसतात. हजारेक वर्षांपूर्वीच्या एका जुन्या इंग्रजी हस्तलिखितात नऊ वनस्पतींचा मंत्र आहे, विषावर आणि संसर्गावर, त्यात पहिलं आवाहन हिलाच, सगळ्या वनस्पतींत थोरली म्हणून. गोधडीतला हा तुकडा खरोखरच जुना. आणि गंमत म्हणजे आपला दवणा, चैत्र पौर्णिमेला जोतिबाला वाहतात तो, आर्टेमिसिया पॅलेन्स, म्हणजे हिचीच सख्खी बहीण. भाचीला म्हटलं पान चुरडून वास घे, दवण्याइतका गोड येणार नाही पण घराणं कळेल. याच कुळातल्या तिसऱ्या एका झाडापासून तू यूयू यांनी मलेरियाचं औषध शोधलं, २०१५ चं नोबेल.

तोडायच्याही वेळा ठरलेल्या असतात. पानंफुलं चंद्र वाढता असताना किंवा पौर्णिमेच्या सुमारास, मुळं उतरत्या चंद्राला, कारण तेव्हा रस खाली जातो अशी समजूत. तोडायला बोलीन नावाची वेगळी सुरी, बरेचदा चंद्रकोरीसारखी वळलेली, आणि ती बघून रोमन लेखक प्लिनीचं वर्णन आठवतंच, पांढरे कपडे घातलेले ड्रुइड, म्हणजे केल्ट लोकांचे पुजारी, चंद्राच्या सहाव्या दिवशी ओकवर चढून सोन्याच्या कोयत्याने मिसलटो नावाचं बांडगूळ कापतात. पण बॉटनी शिकवणारी म्हणून स्पष्ट सांगते, पौर्णिमेचा उजेड सूर्याच्या सुमारे ४ लाख पट कमी असतो आणि चंद्रावर पेरणी केल्याने पीक वाढतं याला पक्का आधार मिळालेला नाही. पुढचं काम साधं असतं, निवडलेल्या दोन चार वनस्पती खलबत्त्यात कुटायच्या, कुटताना मनात हेतू धरायचा, कापडात पुरचुंडी बांधून जवळ ठेवायची किंवा धुरी द्यायची किंवा अंघोळीच्या पाण्यात टाकायची.

इथे एक सांभाळा. परदेशी व्हिडिओ बघून तमालपत्रावर इच्छा लिहून जाळणारे पुण्यामुंबईतही आहेत, तिथलं बे लीफ म्हणजे लॉरेल, भूमध्य समुद्राकडचं झाड, आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, दोन वेगळीच झाडं. जाळायला दोन्ही चालतील पण खायच्या किंवा औषधाच्या बाबतीत अशी नावं बघून अदलाबदल करणं जिवावर बेतू शकतं. बेलाडोना, हेनबेन, बचनाग, धोतरा ही नावं या पुस्तकांत सर्रास येतात, चेटकिणींचं उडायचं मलम म्हणून ज्याची वर्णनं आहेत त्यातही हीच, आणि उडाल्याचा भास होणं शक्य आहे कारण बेलाडोना, हेनबेन, धोतऱ्यात ॲट्रोपिन, स्कोपोलामिन असतं, पण भास आणि मरण यांच्यातला डोस फार जवळजवळ आहे. महादेवाला धोतरा वाहतो, खात नाही, तसंच. पेनिरॉयल नावाचा पुदिन्याचा भाऊ दिसायला गरीब, त्याच्या तेलाने यकृत निकामी होऊन माणसं गेलीत. मगवर्ट गरोदर बाईने पोटात घेऊ नये. जुन्या पुस्तकात लिहिलंय म्हणून चहा करून पिऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

आणि पांढऱ्या सेजची जुडी ऑनलाइन घेत असाल तर थांबा जरा. ती साल्व्हिया एपियाना, फक्त दक्षिण कॅलिफोर्निया आणि शेजारच्या मेक्सिकोच्या पट्ट्यात नैसर्गिकरीत्या वाढते, तिथल्या मूळ रहिवाशांसाठी पवित्र, ज्यांना स्वतःचे विधी मोकळेपणी करता यावेत म्हणून अमेरिकेत १९७८ साली कायदा करावा लागला. आता जगभर धुरीची फॅशन आली आणि जंगलातून पोतीच्या पोती चोरून तोडली जाते. धुरीच द्यायची तर आपल्या घरात ऊद आहे, धूप आहे, कडुनिंबाचा पाला आहे, ब्रिस्टलमध्ये कुंडीतली रोझमेरी आहे.

शेवटचा एक प्रश्न भाचीने परवा विचारला, मैत्रिणीच्या ॲपवर चंद्र वृषभेत दाखवतात आणि आईच्या पंचांगात मेषेत, खरं कोण? दोघंही. पाश्चात्त्य पद्धतीत राशी वसंतसंपातापासून मोजतात, आपल्याकडे ताऱ्यांपासून, त्या दोन्हींत आता साधारण २४ अंशांचा फरक पडलाय, एक रास ३० अंशांची, त्यामुळे पंचांगातला चंद्र बहुतेक वेळा एक रास मागे दिसतो. पौर्णिमेचा क्षण मात्र दोन्हीकडे एकच, फक्त ब्रिस्टलचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार किंवा साडेपाच तास मागे, म्हणून आपल्याकडे पहाटे पूर्ण होणारी पौर्णिमा तिकडे आदल्या तारखेच्या रात्री लागते आणि ती मुलगी बरणी आदल्या दिवशीच खिडकीत ठेवते.